दीड हाताचा मोगरा

निलंग्याला बसस्टँडच्या मागच्या वस्तीत व्यंकटरावांना न ओळखणारा माणूस सापडणं अवघड. आणि ज्याच्यावर व्यंकटरावांनी कधी संशय घेतला नाही असा माणूस सापडणं त्याहून अवघड. दूधवाल्यावर तर सगळेच घेतात. व्यंकटराव पोस्टमनवरही घेत. लग्नाची पत्रिका आली की आधी उजेडात धरून बघणार, मग "ह्यांनी आपल्याला कामून बोलावलं असंल?" असं म्हणून दोन दिवस ती कोनाड्यात ठेवणार, जशी काही वाळत घातलीय. कलिंगड घ्यायचं तर त्याला वाजवून, कान लावून, शेवटी चाकूनं चौकोनी खिडकी पाडल्याशिवाय पिशवीत टाकायचं नाही. घरात गॅसवर वरण शिजत असलं तरी येता-जाता झाकण उचलून बघणार.

"अहो, डाळच हाय," एकदा सुमनबाई म्हणाल्या. "उडून जाणार हाय का ती?"

"डाळ असंल गं. पण तू न विचारता सांगितलंस, म्हणून बघून राहिलो."

नात अक्षरा लातूरहून सुट्टीला आली की तिनं आजोबांना एक नाव ठेवलं होतं, उकरेआबा. ते त्यांना कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की हे नाव तुला कोणी शिकवलं.

पण सगळा दोष माणसाचा नाही, थोडा नोकरीचाही आहे. मोजणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं साखळी ओढली. साहेब बाभळीच्या सावलीत नकाशा पसरून बसायचे आणि व्यंकटराव साखळीचं टोक धरून नांगरटीतून, काट्यांतून, लोकांच्या शिव्यांतून सरळ रेषेत चालायचे. एकतीस वर्षांत त्यांनी एकच गोष्ट पाहिली. ज्यानं मोजणी मागितली त्याचं म्हणणं, शेजाऱ्यानं बांध कोरला. शेजाऱ्याचं म्हणणं, ह्यानं कोरला. आणि साखळी टाकली की बहुतेक वेळा दोघांनीही कोरलेला निघायचा. दगड तर काय, दोन माणसं लागली की हलतो. म्हणून जुनी माणसं हद्दीच्या दगडाखाली कोळसा आणि खापराचे तुकडे पुरून ठेवत. लाकूड सडतं, लोखंड गंजतं, माणसाचं तर बोलूच नये; पण कोळसा शंभर वर्षांनी उकरला तरी काळाच्या काळा. किती भांडणं व्यंकटरावांनी कुदळीच्या एका घावात मिटवली होती. वरचा दगड काय बोलतो ते ऐकायचं आणि खालच्या कोळशाला खरं विचारायचं.

अशा ह्या माणसाचा जगात एकाच माणसावर विश्वास होता, असं निदान लोक समजत. तो म्हणजे शेजारचा जिलानी गादीवाला. भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी दोघांनी एकमेकांना लागून प्लॉट घेतले. मधे भिंत घातली नाही. दोन घरांच्या मधल्या अंगणात एक बाज असायची, तिचे दोन पाय व्यंकटरावांच्या जागेत आणि दोन जिलानीभाईंच्या. संध्याकाळी दोघं तिच्यावर बसून चहा प्यायचे. एक दिवस चहा सुमनबाईंचा, एक दिवस शकिलाभाभींचा. बाजेच्या मागं ओळीनं पाच मोगरे. ते सुमनबाईंचे. उन्हाळ्यात फुलं आली की त्यातली ओंजळभर शकिलाभाभींकडं जायची, आणि ती देताना सुमनबाईंचा चेहरा जरा दात्याचा व्हायचा.

औंदा मे महिन्यात नळाला नवव्या दिवशी पाणी येत होतं. मोगऱ्यांनी माना टाकल्या होत्या. अशात व्यंकटराव डोळे तपासायला लातूरला लेकाकडं गेले. डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला. दुसऱ्याही डॉक्टरला दाखवलं, त्यानंही तोच सांगितल्यावर दोघांचं आधीच ठरलेलं असणार, असं म्हणत ते तिसऱ्या दिवशी परत आले.

आल्या आल्या त्यांच्या पायाला कळलं. डोळ्याला मोतीबिंदू असंल, पायाला नव्हता. मोगऱ्याच्या अलीकडची माती चपलेखाली जरा दबली. उकरून परत बसवलेली माती वरून कितीही सपाट केली तरी पहिला पाऊस पडेपर्यंत खोटं बोलत असते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक. वर वाळका पाला पसरलेला. आमच्या अंगणात पाला कधी राहतो? सुमनबाई तर दिवसातून दोनदा झाडते. त्यांनी काठीनं पाला सारला, तर खाली पालथी पणती. पणती उचलली, तर खाली मडक्याचं तोंड. गळ्यापर्यंत पुरलेलं, तांब्याएवढं बोळकं. आत निम्मं पाणी आणि पाण्यात कोळशाचे तीन तुकडे.

व्यंकटरावांनी पणती परत ठेवली. पाला परत पसरला. मग काठीनं टोचत पुढं गेले. पाच मोगरे, पाच बोळकी, एका ओळीत, सारख्या अंतरावर. आणि प्रत्येकात कोळसा.

दुसरा कोणी असता तर त्यानं बायकोला हाक मारून विचारलं असतं, हे काय. एखाद्याला करणी आठवली असती. व्यंकटरावांच्या कपाळाला घाम फुटला तो वेगळ्या कारणानं. ते कारण वस्तीत कोणाला ठाऊक नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

प्लॉट घेतले तेव्हा मोजले कोणी? व्यंकटरावांनीच. जिलानीभाई म्हणाले होते, "राव, तुम्ही खात्यातले माणूस. तुम्ही धराल ती हद्द." व्यंकटरावांनी हद्द धरली, दगड रोवला, आणि खात्याची सवय म्हणून दगडाच्या ओळीत कोळसा नि खापरंही पुरली. तिथपर्यंत सगळं सरळ. पुढच्या वर्षी त्यांनी न्हाणी बांधायला काढली आणि न्हाणीच्या बाजूनं मागं जायला वाटच उरेना. त्याच आठवड्यात जिलानीभाई बायकोपोरांसकट साडूच्या घरी लग्नाला मुदखेडला गेले. परत आले तोवर दगड दीड हात पलीकडं गेला होता. सुमनबाई तेव्हा माहेरी भावजयीच्या बाळंतपणाला. त्यांनी आल्यावर रिकाम्या पट्टीत मोगरे लावले. झालं. अठ्ठावीस वर्षं. दगड हलला, पण कोळसा कोण हलवणार? तो होता तिथंच राहिला, मोगऱ्याच्या अलीकडं, मातीखाली.

आणि आता कोणीतरी बरोबर त्या खऱ्या ओळीवर पाच मडकी पुरली होती. मातीतून निघालेला तोच जुना कोळसा आत घालून. व्यंकटराव असं समजले की ही साक्ष आहे. जिलानीला कळलं. आता तो एके दिवशी मोजणी आणणार, पंच आणणार, सगळ्यांसमोर म्हणणार, उकरा. दीड हात जाईल ते जाईल. पण ज्या बाजेवर अठ्ठावीस वर्षं चहा प्यायला तिच्या मधनं भिंत जाईल, आणि मोजणी खात्यातल्या माणसानं शेजाऱ्याची हद्द खाल्ली हे निलंगाभर होईल. ज्यांचे बांध ह्यांनी उकरले ते सगळे बघायला येतील.

तेव्हापासून व्यंकटरावांच्या संशयाला पहिल्यांदा काहीतरी खरं खायला मिळालं.

संध्याकाळी बाजेवर जिलानीभाई म्हणाले, "राव, आज गप गप. डॉक्टर काय बोलला?"

"कोणता डॉक्टर?"

"आता गेला होता ना लातूरला."

"तुम्हाला कोणी सांगितलं मी लातूरला गेलो होतो?"

"तुम्हीच सांगून गेला की भाई. बॅग धरायला मीच आलो होतो स्टँडवर."

व्यंकटरावांनी मान हलवली आणि चहाचा कप जरा फिरवून प्यायले. मग जिलानीभाई सहज म्हणाले, "ते तुमच्याकडं लांब टेप होतं ना, खात्यातलं. द्या जरा. मंगल कार्यालयाच्या पन्नास गाद्या हाईत, माझा टेप कुठं गेला सापडून न्हाई राहिला."

गाद्या. पन्नास. व्यंकटराव म्हणाले टेप तुटला. घरात आले आणि टेप ज्वारीच्या कोठीत तळाशी घातला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना सगळंच दिसायला लागलं. सुमनबाई भाजी धुतलेलं पाणी फेकत नव्हत्या, फडक्यानं गाळून बादलीत ठेवत होत्या. बादली दुपारनंतर रिकामी. विचारलं तर म्हणाल्या, "म्हशीला."

"आपल्याकडं म्हैस कुठं हाय?"

"मग इचारता कामून?"

अक्षरा आणि जिलानीभाईंची नात हुमा, दोघी दहा-दहा वर्षांच्या, पाण्याच्या टाकीमागं डोकी जुळवून बसायच्या. आजोबा दिसले की गप्प. हुमा बोटं मोजायची आणि अक्षरा मान हलवायची. एकदा त्यांनी कान दिला तर हुमा म्हणत होती, "आज पाचवा दिवस. आपण दोघी हरलो." आणि अक्षरा म्हणाली, "थांब ना. त्यांना राहवणार न्हाई." व्यंकटरावांना वाटलं, पोरींनाही टेहळणीला बसवलंय. जिलानीनं पार घरापर्यंत माणसं पेरलीत.

सगळ्यात नवलाची गोष्ट ही, की ज्या माणसानं जन्मभर दिसेल ते उकरलं, त्यानं ही पाच बोळकी उकरली नाहीत. रोज सकाळी दात घासायच्या निमित्तानं ओळीवरून फेरी मारायची. पाला सारून बघायचा. पाणी रोज कमी होतंय आणि परत भरतंय, हे टिपायचं. खालपर्यंत हात घालायचा धीर नव्हता. उकरलं आणि खाली काय निघणार ते त्यांना पाठ होतं. मोगऱ्यांना मात्र पालवी फुटली होती, मधल्या एकाला तर कळ्या आल्या होत्या. त्याचंही त्यांना बरं वाटलं नाही. नळाला पाणी नाही आणि मोगरा हिरवा, म्हणजे ह्यातही काहीतरी आहे.

बाजेवर जाणं त्यांनी बंद केलं. पाठ दुखते म्हणाले. जिलानीभाईंनी नवी कापसाची गादी पाठवली. गादी व्यंकटरावांनी चारी कोपऱ्यांनी दाबून पाहिली आणि एका बाजूची शिवण उसवून आतही पाहिलं. कापूसच होता.

नवव्या दिवशी दुपारी ते डोळे मिटून पडले होते. झोपलेले नव्हते, झोपल्यावर घरात काय चालतं ते बघायला पडले होते. मागच्या बाजूला पाला वाजला. ते उठले, न्हाणीत गेले आणि न्हाणीच्या झरोक्यातून बघितलं. जिलानीभाई मोगऱ्याजवळ उकिडवे बसलेले. गळ्यात गादीचं माप घ्यायचा टेप, हरवलेला म्हणे. एका हातात पणती, दुसऱ्या हातात स्टीलचा जग, आणि मान वाकवून बोळक्यात बघताहेत.

व्यंकटराव अनवाणी बाहेर आले. ऊन असं की पाय भाजत होते, पण त्यांना ते कळलं नाही.

"झालं का बघून?"

जिलानीभाई दचकले. "अरे राव. झोपला न्हाईत?"

"झोप कशी येईल. नऊ दिवस झाले."

"मी आपलं पोरींनी..."

"पोरींना मधे आणू नका. मी एकतीस वर्षं हेच बघितलंय जिलानीभाई. मडकं काय, कोळसा काय. तुम्ही सरळ येऊन माझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं."

"काय म्हणायला पाहिजे होतं?"

"की व्यंकट्या, तू दगड सरकवलास. हाव, सरकवला. तुम्ही मुदखेडला लग्नाला गेला होता तवा. दीड हात. न्हाणीच्या वाटेसाठी. हे मोगरे हाईत ना, हे तुमच्या जागेत हाईत. आता आणा मोजणी. पंच आणा, मी सही करतो. पण गुपचूप साक्षी पुरू नका."

जिलानीभाईंच्या हातातला जग तिरपा झाला आणि पाणी त्यांच्याच पायावर पडायला लागलं. ते सरळ करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तेवढ्यात टाकीमागून अक्षरा बाहेर आली. तिचा चेहरा रडवेला होता, पण कारण तिचं तिचं होतं.

"आबा, तुम्ही अजून उकरलंच न्हाई?"

"काय उकरायचं?"

"मडकं. मी म्हटलं होतं आबा एका दिवसात उकरतील. हुमा म्हणाली दोन. नऊ दिवस झाले. आतापर्यंत सगळं पुसलं असंल."

मग जे कळलं ते तुकड्या-तुकड्यानं. हुमाच्या शाळेतल्या बुद्धप्रियाबाईंनी मुलांकडून परसबागेत बोळकी पुरून घेतली होती. कच्च्या भाजणीचं, न रंगवलेलं बोळकं घ्यायचं. पाणी भरून ठेवायचं. बाहेरून घामेजलं तर चांगलं, कोरडं राहिलं तर बाद. झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर पणती, म्हणजे डास नाहीत. आतलं पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं आणि झाडाला लागेल तेवढंच मिळतं. पाणी वास मारू नये म्हणून कोळसा. सुमनबाईंनी संक्रांतीची सुगडं माळ्यावर जपून ठेवली होती, ती दिली. व्यंकटराव मोगऱ्याजवळ कोणाला कुदळ लावू देत नसत, का ते सुमनबाईंना कधी कळलं नव्हतं. म्हणून ते लातूरला गेल्यावर काम उरकलं. मोगऱ्याच्या पलीकडं माती दगडासारखी, अलीकडं मऊ. पोरींनी मऊ जागा धरली. उकरताना कोळसा आयताच निघाला.

"सुमनआजी म्हणाली, बघ, देवानंच ठेवलाय," हुमानं सांगितलं.

"आणि मला कामून न्हाई सांगितलं?"

"सांगितल्यावर तुम्ही बघितलं असतं का?" अक्षरा म्हणाली. "तुम्ही न सांगितलेलंच बघता."

ती खुरपं घेऊन बसली आणि मधलं बोळकं तिनं हळूहळू मोकळं केलं. बोळकं वर आलं तेव्हा त्याच्या पाठीला मोगऱ्याची पांढरी, दोऱ्यासारखी मुळं चिकटलेली होती, आवळून धरल्यासारखी. एका अंगाला गेरूचा आणि चुन्याचा रंग होता. तेलाचा रंग लावला तर पाणी झिरपत नाही, म्हणून गेरू-चुना. मातीनं अर्धा खाल्लेला. तरी ओळखू येत होतं. एक व्यंकटरावांसारखा मिशीवाला, एक दाढीवाला, मधे चार पायांचं काहीतरी.

"ही बाज हाय," हुमा म्हणाली.

"मातीखाली चित्र कामून काढलं गं?" जिलानीभाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आबा उकरतीलच ना."

जिलानीभाईंनी त्या मिशीवाल्याकडं बराच वेळ बघितलं. मग जग खाली ठेवला आणि घरात गेले. दार वाजलंही नाही. व्यंकटरावांना दार आपटलेलं परवडलं असतं.

त्या दिवशी बाजेवर कोणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात सुमनबाईंनी ऐकायचं ते ऐकलं होतं. त्या भांडल्या नाहीत. फक्त जेवायला वाढताना म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईला फुलं देऊन मोठेपणा मिरवून राहिले. तिचीच फुलं." आणि व्यंकटरावांनी वरणावरचं झाकण त्या दिवशी उचललं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिलानीभाई बाहेर आले. गळ्यात टेप. "राव," त्यांनी अंगणातून हाक दिली, "या. टोक धरा. तुमचंच काम हाय ते."

व्यंकटरावांनी टोक धरलं. जागा चुकली नाही. कोळशाच्या ओळीवर अंगठा बरोबर बसला. जिलानीभाईंनी दगडापर्यंत मापलं. दीड हात, वर दोन बोटं.

"दोन बोटं कशाची?"

"ती... दगड जड होता. जरा पुढं गेला."

जिलानीभाईंनी टेप गुंडाळला, बाजेला हात घातला आणि म्हणाले, "उचला." दोघांनी बाज दीड हात व्यंकटरावांच्या घराकडं सरकवली. दोन पाय इकडं, दोन तिकडं. जिलानीभाई तिच्यावर टेकले.

"आता ऐका. मोगरे माझे. मडकी पोरींची. पाणी तुम्ही घालायचं, पाची मडक्यांत, चातुर्मास संपेपर्यंत. फुलं सुमनभाभींना जातील, पण आता आमच्या घरून जातील, आणि शकिला देताना तोंड मोठं करणार, ते सहन करायचं."

"आणि भिंत?"

"भिंत घालून तुम्ही पाणी कुठून घालणार?"

व्यंकटराव कडेला टेकले. म्हणाले, "पण न्हाणीच्या मागं जायची वाट तर तुमच्यात गेली."

"गेली ना. विचारून जायचं."

"रोज?"

"खाकरायचं. मी घरातून जा म्हणंन."

शकिलाभाभींनी चहा आणला. वार बघितला तर पाळी सुमनबाईंची होती. व्यंकटरावांनी हे लक्षात ठेवलं. चहा पिताना जिलानीभाई मोगऱ्याकडं बघत सहज बोलल्यासारखं बोलले, "राव, हद्द धरली त्या दिवशी कोळशाचं टोपलं कोणाच्या हातात होतं, आठवतंय?"

व्यंकटरावांना आठवलं आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला. टोपलं जिलानीच्याच हातात होतं. पाठीवर थाप मारत जिलानीभाई उठले, पन्नास गाद्या व्हायच्या होत्या.

म्हणजे ह्याला ठाऊक होतं? अठ्ठावीस वर्षं? मग बोलला का नाही? की खरंच विसरला होता, आणि आता आठवलं? की मुळात काही आठवतच नाही, मला तळमळत ठेवायला म्हणाला? लातूरला मोतीबिंदू काढून घेतला, दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसायला लागलं, तरी एवढं काही त्यांना दिसलं नाही. पाणी मात्र ते नेमानं घालतात. सकाळी पाच पणत्या उचलायच्या, पाच बोळकी भरायची, मधल्या बोळक्यात दोन बोटं पाणी जास्त. पोरींनी ते परत पुरताना चेहरे बाहेरच्या बाजूला ठेवलेत म्हणे. ते खरं का, हे त्यांनी एकदा उकरून बघितलं.

मग न्हाणीकडं जाताना हद्दीवर उभं राहून खाकरायचं.

"जा," आतून जिलानीभाईंचा आवाज येतो.

हे 'जा' इतकं चटकन येतं, की व्यंकटराव तांब्या हातात धरून जरा वेळ तिथंच थांबतात. माणूस दारामागंच उभा असल्याशिवाय इतक्या चटकन कसं काय म्हणंल.